आक्काच्या फोनमधले फोटो

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही. देवासमोर हात जोडतानाही मनातल्या मनात एवढं वगळूनच पुढे गेलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि सांगून झाल्यावर माझ्या तोंडाकडे बघत बसणार नाही.

माझी थोरली बहीण, आक्का, वाटूरला असते. मी जालन्यात, बियाण्यांच्या एका कंपनीत कामाला. मुलगा पुण्याला शिकायला गेला, त्याच्या जेवणाखाण्यासाठी बायकोही गेली, आणि घरात मी उरलो. सकाळी ओट्यावर ठेवलेला कप संध्याकाळी तिथंच दिसायचा. हलवणार कोण?

नवा फोन घेतला तेव्हा जुना आक्काला दिला. आपल्याकडे असंच असतं ना — थोरल्याच्या अंगावरचा सदरा धाकट्याला, तसा फोनही घरात फिरत राहतो. सिम काढलं, माझे फोटो पुसले. त्यातलं माझं खातं तेवढं काढायचं राहिलं. हे खरंच विसरलो होतो. त्यात लबाडी नव्हती. लबाडी नंतरची.

काही दिवसांनी माझ्या फोनमध्ये तिचे फोटो दिसायला लागले. ती तिकडे काढायची, ते आपोआप माझ्या खात्यात येऊन पडायचे. वाळत घातलेली तूर. नातवाचं तेल लावलेलं डोकं. निम्म्या फोटोंवर तिचंच बोट. मी एकटाच मोठ्यानं हसलो — त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं. तिला कळवून हे बंद करणं अवघड होतं का? मुळीच नाही. वाटूरला जाऊ तेव्हा करू, असं म्हटलं.

गेलो, तर तिनंच फोन हातात दिला. फोनमधलं सगळं लोकांना दिसतं, असं सांगून सुनेनं तिला घाबरवलं होतं.

"भाऊ, तू शिकलेला हाईस. बघ बरं, ह्यातलं माझं कुणाला दिसून तर न्हाई राह्यलं ना?"

"बिलकुल न्हाई," मी म्हणालो.

"ऐकलं का गं?" तिनं आत सुनेला हाक मारली. "मोठी आल्ती मला शिकवायला."

त्यानंतरच — मला वाटतं, माझ्या शब्दानं तिची खात्री पटल्यानंतरच — तोंडाच्या आतले फोटो यायला लागले. बोटानं गाल ताणून धरलेला, आत एक पांढरा चट्टा. आक्का लग्नाआधीपासून तंबाखूची मिसरी लावते. आरशात नीट दिसत नसेल, म्हणून फोटो काढून बघत असावी, बरं होतंय की नाही ते. पहिला फोटो मी झटकन पुढे सरकवला. उष्णता असेल, म्हटलं. पुढे चट्टा लाल झाला. मग पसरला. मग मधोमध खड्डा पडला.

फोन केला की ती म्हणायची, बरी आहे, तिखट तेवढं सोडलंय, वय झालं आता. मी म्हणायचो, तब्येतीला जप. आदल्या क्षणापर्यंत तोच फोटो बघत असायचो, आणि तरी — जप?

एखादी थाप तरी मारायची. जालन्यात दातांचं शिबिर आहे, ये — एवढ्यावर ती आली असती. थापा मला येत नव्हत्या असं थोडंच आहे? तिला लाज वाटेल, भावानं चोरून पाहिलं म्हणून मी तिच्या मनातून उतरेन, असं मी स्वतःला सांगत राहिलो. तेही पुरतं खरं नाही. खरं असं — बोलता बोलता एखादा शब्द जास्तीचा निघाला, तिला संशय आला, तर फोटो बंद होतील आणि मग संध्याकाळी माझ्याकडे कुणीच येणार नाही, ही भीती होती. तिच्या जखमेपेक्षा मी माझ्या संध्याकाळी जपल्या.

भाकरी गिळवेना तेव्हा तिनं आपल्या मुलाला सांगितलं. तो तिला जालन्याला घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, खूप आधी यायला हवं होतं. ऑपरेशन संभाजीनगरला झालं. गालाबरोबर जबड्याचाही तुकडा गेला. आता तिचं बोलणं घरातल्यांना समजतं, मला फोनवर समजत नाही.

ती ऑपरेशनसाठी आत असताना तिचा फोन सांभाळायला माझ्याकडे दिला होता. बाहेरच्या बाकावर बसून मी त्यातून माझं खातं काढून टाकलं. कुणी पाहिलं नाही. तेवढ्यात भाचा शेजारी येऊन बसला.

"मामा, एका घरात राहून मला दिसलं न्हाई," तो म्हणाला. "कसला लेक मी?"

"तुला कसं दिसणार," मी म्हणालो आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तो रडला. मग उठून माझ्यासाठी चहा घेऊन आला, कारण मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तो चहा मी प्यायलो.

अजूनही विषय निघाला की चूक आपलीच, असं तो चारचौघांत सांगतो. मी तिथंच बसलेला असतो.