आधी गैरहजर

वर्गात शिरल्यावर आक्का हजर मुलांची नावं कधी पुकारत नसत. आधी बाकांवरून नजर फिरवत, कोण आलं नाही ते नाव घेऊन सांगत आणि शेजारच्याला विचारत, "का नही उना तो?" लोणखेड्याच्या कॉलेजात त्या संख्याशास्त्र शिकवायच्या. आलेल्यांची काळजी त्यांना नव्हती. "त्या उनात ना, मंग बस!"

निवृत्तीनंतर एका संस्थेनं त्यांना ऑनलाइन सर्वेक्षणाचं काम दिलं. आरोग्य उपकेंद्रांत पडद्यावरून भेटणारे डॉक्टर लोकांना कसे वाटतात, हे शोधायचं होतं. लोक समाधानी निघाले, तर डोंगरातल्या मोलगीकडच्या पाड्यांवर आठवड्याला जाणारी डॉक्टरांची जीप बंद होणार होती. आक्कांनी मदतीला मला, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीला, बोलावलं.

व्हॉट्सॲपवर लिंक फिरली. सपाटीवरच्या गावांतून उत्तरं भराभर आली. डोंगरातून एकही नाही. मग मीच मोलगीच्या बाजारात उभी राहिले आणि ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांना विचारून माझ्या फोनवर फॉर्म भरले. "आपण या सेवेबाबत समाधानी आहात का?" जो तो म्हणाला, "हो." लोकांचा आवाज वर पोचवतेय, या अभिमानात मी परतले.

आक्कांनी सगळी उत्तरं वाचली. "कोन्ती भाषामा इचारं?"

"मराठीत. फॉर्ममध्ये होतं तसंच."

"हाफिसनी मराठीले डोंगरमा एकच उत्तर ऱ्हास, पोरी. हो म्हन आनि सुट."

मी वरमले. लहानपणापासून चळवळीची पत्रकं वाचून वाढलेली मी, गप्प बसवलेल्या माणसाची बाजू घेते असं मानणारी. आणि मीच त्याला गप्प बसवून फोनवर त्याच्या 'हो'वर टिचकी मारून आले होते.

पुढच्या बाजाराला आक्का स्वतः प्रवासी जीपच्या मागच्या बाकावर बसून मोलगीला आल्या. तिथली आशा सेविका सेवंतीताई लोकांच्या पावरी बोलीत विचारणार होती. आक्कांनी प्रश्नच बदलला: "समाधानबिमाधान सोड. मागल्या खेपेले काय व्हयनं, ते सांगा म्हन."

एक बाई हसत सुटली. सेवंतीताईनं मराठीत सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, कुठे दुखतं? हिनं पोटावर हात ठेवला. पडद्यात नुसतं तोंड दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, खोकला आहे का? ही म्हणाली, हो."

"मंग?"

"मग खोकल्याचं औषध दिलं. हिनं ते सासऱ्याला पाजलं. त्याचा खोकला गेला!"

सगळा घोळका हसला. आक्काही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "आनि पोट?" हसणं थांबलं. पोट अजून दुखत होतं.

अहवालाच्या पहिल्या पानावर आक्कांनी निकाल दिला नाही. कोणत्या पाड्यांवरून उत्तर आलं नाही, त्यांची नावं दिली. बाजारातले माझे फॉर्म बाद केले, आणि का केले तेही लिहिलं. खाली त्या बाईची हकीकत. संस्थेच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, एवढ्या चांगल्या निकालाला गालबोट कशाला लावता?"

रागावलेल्या आक्का साहेबांशीही अहिराणीतच बोलल्या. "हाऊ निकाल नही, साहेब. हाई हजेरी शे. आनि अर्धा वर्ग गैरहजर शे."

पुढचं काम त्यांना मिळालं नाही. त्यांनी विचारलंही नाही. गरिबाच्या 'हो'वर सही करणारे हुशार लोक मी पुष्कळ पाहिलेत. स्वतःचं काम घालवून तो 'हो' खोडणारं माणूस एकच पाहिलं.

गेल्या महिन्यात आक्का लेकीकडे सुरतेला कायमच्या गेल्या. नंदुरबार स्टेशनवर आम्ही जुने विद्यार्थी जमलो होतो. खिडकीतून त्यांनी सवयीनं आमच्यावर नजर फिरवली.

"सेवंती का नही उनी?"

"आज मोलगीला डॉक्टरांची जीप येते, आक्का. ती तिथं आहे."

गाडी हलली. आक्का खिडकीतून वाकून मला म्हणाल्या, "मंग तिनी हजेरी मांड."