दहावा माणूस आणायला उमरेडला

इस्रायलहून भावाचा निरोप आला की त्याला येता येत नाही, आणि आम्ही नागपूरची तिकिटं काढली. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. वडिलांसाठी कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसामागची प्रार्थना, म्हणायचा तो मुलानं. आमच्या घरच्या मुलानं, म्हणजे भावानं, तिकडच्या मशिदीत (आमच्यात सिनेगॉगला मशीदच म्हणतात) एका म्हाताऱ्याला पैसे देऊन ते काम लावून दिलं होतं. धोब्याकडे कपडे टाकावेत तसं.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. आमच्यातले बरेच जण रेल्वेच्या नोकरीपायी कुठं कुठं पोचले, तसे बाबा नागपूरला पोचले आणि तिथंच मातीत गेले. जाण्याआधी त्यांनी एकच मागितलं होतं: वर्षाच्या दिवशी माझ्या कबरीपाशी एक कद्दीश होऊ दे. मागणं साधं वाटतं, पण कद्दीशला दहा पुरुष लागतात, तेरा वर्षं पुरी झालेले आणि यहुदी. नऊ असले तर ती प्रार्थना म्हणायचीच नाही.

शुक्रवारी सकाळी ठाण्याहून नागपूरला उतरलो. जानेवारीतली थंडी होती. तुम्ही जाणार असाल तर हाच मोसम धरा, संत्री स्टेशनबाहेरच ढिगानं मिळतात. तर्रीपोहे जरूर खा. सावजी मटणाचा नुसता वास घेऊन आम्ही पुढे सरकलो, कारण आमचं हलाल वेगळं आणि नागपुरात ते करणारं कुणी उरलं नव्हतं. अजनीपर्यंतच्या सायकलरिक्षावाल्याशी यजमानांनी गप्पा काढल्या.

"यहुदी मंजे कोन जी? मुसलमान का पारशी?"

"दोन्ही नाही."

"मंग तुमच्यात लोक कमीच असतीन," तो म्हणाला. तेवढं त्याला बरोबर कळलं.

उतरलो एलिजाकाकांकडे. ते बाबांचे रेल्वेतले सोबती, आणि बाबांनंतर नागपुरातली प्रार्थना तेच चालवत. शनिवारी शब्बाथ, म्हणून कुठं हललो नाही. बसल्या बसल्या काकांनी माणसं जोडली. ते स्वतः, त्यांचे दोन मुलगे, माझे यजमान, वर्कशॉपातले तिघं आणि एक पोस्टातले. आठच झाले.

"उमरेडला मोझेस हाय," काका म्हणाले, "आनि त्याचा डॅनियल. दोघं आले तं दहा होतात. पन तो माह्या बोलन्यानं येनार नाई. तूच जा वं, बेबी."

मोझेसकाका माझ्या लहानपणी दर सणाला आमच्याकडे असायचे. पुढं यायचे बंद झाले. का, ते बाबांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

रविवारी एसटीनं उमरेडला गेलो. रस्ता बरा, बस खटारा. गाव जवळ आलं तशी रस्त्याकडेच्या झाडांची पानं कोळशाच्या धुळीनं काळी दिसायला लागली. गल्लीत शिरलं की घराघरातून हातमागाची खटखट. मोझेसकाकांची बायको सुमनकाकू अशाच एका विणकर घरातली, हिंदू. काका कोळशाच्या खाणीत नोकरीला, आणि आता मुलगाही तिथंच.

काकूंनी चहा दिला. काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुले मालूम हाय, मी तुमच्याकडं येनं काहून सोडलं?"

"नाही, काका."

"माहा बाप गेला, त्याच्या वर्षाले आमी नऊ होतो. दहावा हा." त्यांनी मुलाकडे बोट केलं. "नुकताच तेराचा झाला होता. सुंता झालेली, प्रार्थना तोंडपाठ. तुह्या बाबानं मले नऊ मोजून दाखवले. मने, याची माय आपल्यातली नाई, याले धरता येत नाई. माह्या बापाचा कद्दीश राहून गेला."

कायदा तसाच आहे, माणूस यहुदी ठरतो तो आईवरून. मला ते माहीत होतं. तरी माझे कान तापले.

डॅनियल आता विशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा जवान. त्यानं हळूच विचारलं, "आता धरान का मले, ताई?"

"धरू," मी म्हणाले. "माझा शब्द."

संध्याकाळी परत येऊन एलिजाकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "येऊ दे. मी डोये मिटतो." बाबांसाठी डोळे मिटता येत होते. मोझेसकाकांच्या बापासाठी कुणाला आले नव्हते.

सोमवारी, बाबांच्या वर्षाच्या दिवशी, कबरस्तानात जमलो. ख्रिस्ती कबरस्तानाच्या कडेला आमच्या लोकांसाठी राखलेला तो तुकडा, गवत गुडघाभर वाढलेलं. मोझेसकाका आणि डॅनियल वेळेवर आले, धुतलेल्या सदऱ्यात. आमच्यात माणसं आकड्यानं मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, एकेका माणसापाशी त्यातला एकेक शब्द म्हणायचा. एलिजाकाका म्हणत गेले. दहावा शब्द डॅनियलपाशी आला तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला, पण शब्द त्यांनी म्हटला. मी बाजूला उभी होते. मला मोजायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि खरं सांगते, माझ्याही नाही.

भावाऐवजी बाबांचा कद्दीश म्हणायला यजमानांनी पुस्तक उघडलं, तेवढ्यात मोझेसकाका म्हणाले, "एलिजाभाऊ, पहिले माह्या बापाचं." त्यांच्या वडिलांची कबर मागच्याच ओळीत होती.

"दोघं संगंच म्हना ना," एलिजाकाका म्हणाले. तशी रीतही आहे.

"नाई. आज त्याचं एकट्याचं."

आम्ही पडलो सभ्य. यजमान म्हणाले, "होऊ दे, काका, आधी तुमचं." सगळे मागच्या ओळीत गेले. मोझेसकाकांनी पुस्तकही हातात घेतलं नाही. खडा आवाज, एक शब्द अडखळला नाही. दर थांब्याला आम्ही आमेन म्हटलं. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

संपल्यावर त्यांनी वडिलांच्या दगडावर हात टेकला आणि मुलाला म्हणाले, "चाल."

"बाबा, ताईच्या बाबाचं होऊ द्या ना," डॅनियल म्हणाला.

"चाल म्हनतो ना."

मी फाटकापर्यंत धावले. "काका, मी शब्द पाळला!"

"हाव, तू पाळला. तुह्यावर माहा राग नाई." ते थांबले, पण वळले नाहीत. "तुह्या बाबाले समजू दे, आठ मंजे किती होतात ते."

परत आले तेव्हा एलिजाकाका कबरीवरचं गवत उपटत होते. "तुह्या बाबाचं सुरू झाल्यावर गेला असता तं आपल्याले पुरं करता आलं असतं," ते म्हणाले. "त्याले कायदा पुरा मालूम हाय. तुह्या बाबानंच शिकवला होता." मग आठ जणांनी स्तोत्रं वाचली, बाहेर हात धुतले आणि आपापल्या घरी गेले. बाबांचा कद्दीश झाला नाही.

घरी आल्यावर यजमान माझी समजूत घालत राहिले. कद्दीशमध्ये मृत्यूचा उल्लेख नसतो, मेलेल्याचं नाव नसतं, सगळी देवाची स्तुती. तेव्हा तो तुझ्या बाबांनाही पोचला असं समज. शास्त्र म्हणून ते बरोबर असेल. पण मी तिथं होते. मी आमेन म्हटलं ते मोझेसकाकांच्या वडिलांसाठी.

नागपुरात नंतर दहा जण जमले नाहीत. एलिजाकाकांचे मुलगे इस्रायलला गेले, वर्कशॉपातल्यांच्या बदल्या झाल्या. भावाला मी सगळं कळवलं. तो म्हणाला, त्या मोझेसला लाज वाटायला हवी होती. इतकी वर्षं झाली, मला काही मोझेसकाकांचा राग येत नाही. माझा राग बाबांवर आहे. कायदा त्यांनी केला नव्हता, मान्य. पण तेरा वर्षांच्या पोराला त्याच्या आजोबांच्या कबरीपाशी मोजणीतून वगळून ते त्या दिवशी घरी आले असणार, आणि घरातल्या कुणीच काही विचारलं नसणार. मी तेव्हा घरीच होते. मीच त्यांना जेवायला वाढलं असणार.