मल्लूचा अर्धवट सिनेमा

मल्लू गेल्याचा फोन त्याच्या मुलाचा आला. रडता रडताच पोरानं विचारलं, ‘‘काका, माती कुठं करायची? हितं सोलापुरात, का गावाकडं दुधनीला? तुम्हाला काय म्हणाले होते का?’’ त्यांच्यात पुरतात, म्हणजे एकदा ठरली की जागा कायमची. मल्लू मला कधी काही म्हणाला नव्हता, तरी मी म्हणालो, दुधनीलाच न्या. महिना होऊन गेला, पण तेव्हापासून जिवाला स्वस्थता म्हणून नाही…

मल्लिनाथ आणि मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एकाच टॉवेल कारखान्यात लागलो. मी सोलापूरचा, तो कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीहून येऊन-जाऊन करणारा. कारखान्यात त्याला ‘कानडी’ म्हणायचे आणि गावात भाऊबंद ‘आले सोलापूरकर’ म्हणून टोमणा मारायचे. हसायचा, पण लागायचं त्याला. एका सुट्टीला आम्ही काउबॉयच्या इंग्रजी सिनेमाला घुसलो. नाव सांगून उपयोग नाही, कुणी ऐकलेलंच नाही. थेटरात मोजकी डोकी, त्यातलं एक घोरत होतं. इंग्रजी कळलं नाही, गोष्ट कळली. दरोडेखोराचा बाप गोरा, आई डोंगरातल्या रेड इंडियन टोळीतली. अलीकडे गावात बायको, नदीपलीकडे आईची माणसं, आणि दोन्हीकडचे बंदुका घेऊन मागे. तो नदीवर येऊन घोडा थांबवतो… आणि नेमकी तेव्हाच मल्लूच्या शेवटच्या गाडीची वेळ झाली! उठलो, मी त्याला सायकलवर डबलसीट घेऊन स्टेशन गाठलं. पुढच्या सुट्टीला गेलो तर सिनेमाच बदललेला.

तिथून त्याला चाळाच लागला. चहाच्या गाड्यावर सिनेमा सांगायचा आणि शेवट दर वेळी नवा. घरी काही बिनसलं असलं की दरोडेखोर नदी ओलांडायचा, मूड बरा असला की बायकोकडे वळायचा. एकदा वैतागून मी म्हणालो, बाबा रे, काय ते एक ठरव की.

‘‘मला ठरवता आलं असतं तर लई बरं झालं असतं की,’’ तो म्हणाला.

पुढे सोलापूरच्याच महानंदावहिनींशी लग्न झालं, इथं घर झालं, पोरगं झालं. तरी दर अमावास्येला दुधनी चुकली नाही. तिथं पोचला की लगेच परतीच्या गाडीची चौकशी. एका जागी बूड टेकलं तर शपथ!

परवा वहिनींकडे गेलो. तो सिनेमा मला मोबाइलवर सापडला होता. दाखवू का, विचारलं. म्हणाल्या, लावा, लग्नापासून ऐकतेय. कॉटवर बसून आम्ही बघितला. नदी आली तसा मी पुढे सरकून बसलो. दरोडेखोरानं घोडा पाण्यात घातला, पलीकडे गेला, आईच्या माणसांत. खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं झालं. म्हणालो, बघा वहिनी, तोही गेला की आपल्या गावाला. आपण केलं ते बरोबरच केलं.

पण सिनेमा संपला नव्हता. मागे राहिलेली बायको दारात उभी होती, रस्त्याकडे बघत. बराच वेळ ती तशीच दिसत राहिली.

वहिनी हळूच म्हणाल्या, ‘‘भावजी, हिला कुणी विचारलं होतं का हो?’’

मी मोबाइल उचलून खिशात घातला. गुडघ्यांमुळे त्यांना आता दुधनीच्या गाडीची पायरीसुद्धा चढवत नाही. हे मला ठाऊक होतं, त्यांच्या मुलालाही ठाऊक होतं.