गाऱ्हाण्याला ठरवलं होकार

“लिहा, उपस्थितांनी एकमुखाने होकार दिला,” साहेब म्हणाले. माझी पेन्सिल थांबली.

मी स्टेनो. बोललेलं खुणांच्या लिपीत झरझर उतरवायचं आणि मग टाईप करायचं, हे माझं काम. त्या दिवशी मिठबावपलीकडच्या एका गावात एका कंपनीच्या जेटीची जनसुनावणी होती. प्रकल्पाआधी गावाचं म्हणणं ऐकायचं, असा नियम आहे. मंडप खच्चून भरलेला. हिंदू-मुसलमान, बहुतेक घरं मच्छीमारांची, किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणाऱ्यांची.

सुनावणीचे अध्यक्ष असलेल्या साहेबांनी दोन मिनिटं झाली की माइक बंद करायला सांगितलं होतं. चौथ्या माणसाचा माइक बंद झाला तेव्हा बाबीकाका उठले. देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं तेच घालतात. एकाने देवाला सांगायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची. त्यांना माइक लागत नाही.

“बा देवा म्हाराजा, ही जेटी इली तर आमची रापण बुडतली!”

“व्हय म्हाराजा!”

“ही पीडा हयसून भायर काढ!”

“व्हय म्हाराजा!”

पुढच्या रांगेतल्या हसीनाआपांचा आवाज सगळ्यांत मोठा.

हाच तो साहेबांचा ‘होकार’.

मी म्हटलं, “साहेब, जेटी नको, याला ते होय म्हणतायत.”

“होय म्हणजे होय. तुम्ही स्टेनो आहात, वकील नाही.”

माझं डोकं फिरलं. मी इथल्याच कट्टा गावची. आमचीच बोली वापरून आमचाच गळा कापायचा? तरी सांगितलं तसं लॅपटॉपवर टाईप केलं. पण इतिवृत्त, म्हणजे सभेची नोंद, सही होण्याआधी सभेतच वाचून दाखवावं लागतं.

“वाचलं असं समजू,” साहेब म्हणाले.

“नियम आहे, साहेब.” मी माइक घेतला आणि वाचलं.

मग हसीनाआपा उसळल्या, “सायबानू, जेटीक आमी कधी व्हय म्हटलां? खोटा कित्याक लिवतास?”

लोक खुर्च्या सोडून जमिनीवर बसले. एक शिवी नाही, एक दगड नाही. बाबीकाका म्हणाले, “नोंद बदला, मगे आमी जातलो.”

तीन तास कोणी हललं नाही. शेवटी साहेबांनी सही केली ती गाऱ्हाण्याच्या शब्दन्‌शब्द नोंदीवर.

मला शिस्तभंगाचा मेमो मिळाला. जेटीची फाईल अजून अडकलेली आहे. पुढे निवडणूक आली, तेव्हा आतापर्यंत जेटीचं गुणगान करणारे दोन्ही पक्षांचे उमेदवार देवळात येऊन विरोधाच्या शपथा घेऊ लागले. बाबीकाकांनी दोघांकडूनही ते कागदावर लिहून घेतलं.

सभेला जाल तर बोलून लगेच घरी जाऊ नका. तुमच्या नावावर काय लिहिलंय, ते वाचून घेईपर्यंत बसा.