मागच्या काचेतला ओहमचा नियम

प्रिय ईरा आणि निनाद,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजीच्या स्वयंपाकघरात गाडीची नंबरप्लेट कशाला? कॉल तुटला आणि उत्तर राहिलं. म्हणून लिहिते.

लॉकडाऊनमध्ये मी इथे आयर्लंडमध्ये, ट्रली गावात, गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर होते. नंबरप्लेटही आम्हीच बनवायचो. तुमचे आजोबा गेल्यावर ही नोकरी धरली ती दिवसातून कुणाशी तरी बोलणं व्हावं म्हणून. मग मास्क आले, मध्ये काच आली. तिथलंही बोलणं आटलं.

एका सकाळी मायकल आले. त्यांची बायको नोरा दोन दिवसांपूर्वी गेली होती. गावातल्या निम्म्या लोकांना तिने फिजिक्स शिकवलेलं. चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी. बाकीचे रस्त्याकडेला उभे राहून निरोप देणार होते.

“शववाहिनीमागून मी तिची गाडी चालवणार,” ते म्हणाले. “नंबरच्या जागी व्ही इज इक्वल टू आय आर हवंय. पोरांना कळू दे कोण चाललंय.”

हा ओहमचा नियम. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स. पुण्यात मीही शाळेत हेच शिकवत होते.

आमचे मालक शॉन म्हणाले, “रस्त्यावर फक्त रजिस्ट्रेशन नंबर चालतो. पोलीस माझ्या दुकानावर येतील.”

“इथला पोलीस नोराचाच विद्यार्थी,” मायकल म्हणाले.

“नापास झालेला. तोच आधी येईल.”

मायकल हसले आणि मग तोंड फिरवून उभे राहिले.

“गाडीच्या आत ठेवली तर?” मी विचारलं. “मागच्या काचेत?”

“आत हवी तर भाजी ठेव, सुधा. ग्रँड,” शॉन म्हणाले. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ‘चालेल’.

पण आमचं सॉफ्टवेअर वर्ष, काउंटीची म्हणजे जिल्ह्याची अक्षरं आणि नंबर यांपलीकडे काही छापत नसे. मग बिघडलेल्या प्लेट्सची अक्षरं कापली. वॉटरफर्डच्या डब्ल्यूचा अर्धा भाग व्ही झाला, एकचा आकडा आय, रॉसकॉमनचा आर. दोन डॅश एकाखाली एक लावून बरोबरचं चिन्ह केलं. पहिल्यांदा ते वाकडं बसलं. दुसरी प्लेट नीट झाली.

अंत्ययात्रेला मी फुटपाथच्या टोकाला उभी राहिले. माणसं एकमेकांपासून लांब लांब. गाडीत मायकल एकटेच. गाडी पुढे गेल्यावर एका बाईने मागची काच वाचली आणि वर्गात करतात तसा हात वर केला. मग पुढच्याने. मग सगळ्या ओळीने.

नोराला मी कधी पाहिलं नव्हतं. मीही हात वर केला.

नियमाच्या चौकटीत जागा हवी असेल, तर तो कुठे संपतो ते आधी विचारावं.

नीट जमलेली प्लेट मायकलच्या गाडीत अजून आहे. वाकडी माझ्याकडे.