थांबाबाई

बालवर्गाच्या बाईंना शाळेत सगळे पाठीमागे ‘थांबाबाई’ म्हणायचे. सकाळी पोराला सोडायला आलेली आई वाकून त्याच्या बुटाचा पट्टा काढायला लागली, की बाई दारातूनच म्हणत, “थांबा. त्याला काढू दे.” मग ते पोर जीभ बाहेर काढून पट्ट्याशी झटत बसायचं आणि कामावर जायला उशीर झालेली आई या पायावरून त्या पायावर करत उभी राहायची. शिपाई म्हणायचा, “त्या वर्गापुढे घंटासुद्धा दबकत वाजवावी लागते.”

वर्ग म्हणजे बुटक्या कप्प्यांची एक लांबट खोली. कप्प्यांत ठोकळे, मणी, पाणी ओतायचे छोटे जग, खरखरीत कागदाची अक्षरं, फडकी. मुलानं यावं, हवं ते घ्यावं, चटई पसरावी आणि मन भरेपर्यंत तेच करावं. कुणी दिवसच्या दिवस नुसतं पाणी ओतायचं. पालक हवालदिल व्हायचे.

“बाई, हिला अजून ‘क’ येत नाही.”

“येईल. सध्या तिचा हात तयार होतोय.”

“शेजारच्यांची तर वाक्यं लिहायला लागली!”

“शेजारच्यांचं शेजारी.”

आणि ‘क’ यायचाही. नुसती टेबलं पुसणारी एक मुलगी एका सकाळी फडकं ठेवून अक्षरांच्या कप्प्यापाशी गेली आणि ‘क’वरून बोट फिरवत बसली. बाई तेव्हा कपाटाआड गेल्या. चेहऱ्यावरचा आनंद तिला दिसला असता, तर ती अक्षराकडे बघायचं सोडून बाईंकडे बघायला लागली असती.

लोकांना वाटे, या बाई स्टुलावर बसून पगार घेतात. पण पाणी सांडताना दिसतंय आणि आपले हात मांडीवरच ठेवायचेत, उत्तर ओठांवर आलंय आणि गिळायचंय, हे दिवसभर केल्यावर माणूस आतून पिळून निघतं. दुपारी बाई घरी येत तेव्हा त्यांच्यात काही उरलेलं नसे. नवरा फिरतीवर असायचा. घरी एकुलती मुलगी वाट बघत असायची.

ती मुलगी मोठी झाली, औषधांच्या दुकानात नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. नात शाळेच्या वयाची होत आली तेव्हा बाईंनी वर्गातली खिडकीजवळची खुंटी तिच्या दप्तरासाठी मनातल्या मनात राखून ठेवली. मग एक दिवस जावई सहज बोलून गेला, की गणवेशाचं माप द्यायला जायचंय. बाईंच्या शाळेत बालवर्गाला गणवेश नव्हता.

संध्याकाळी बाई मुलीकडे गेल्या. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“दुसरीकडे घातलंस तिला?”

“आई, मला भांडायचं नाहीये.”

“मीही भांडत नाहीये. नुसतं विचारतेय.”

मुलीनं हातातली घडी मोडली आणि परत घातली. “तू शाळेत सगळ्यांसाठी थांबायचीस. घरी यायचीस तेव्हा तुझं थांबणं संपलेलं असायचं. मी दूध ओतून घ्यायला लागले की पातेलं ओढून घ्यायचीस. घास कोंबायचीस, एकदाचं उरकायला. तुझी पद्धत खोटी आहे असं मी म्हणत नाही, आई. पण हिला घातलंय त्या शाळेत सगळं ठरलेलं असतं. कुणाच्या धीरावर काही अवलंबून नसतं.”

बाई चप्पल पायात सरकवून निघाल्या.

पुढे नातीला सांभाळणारी बाई काम सोडून गेली, आणि शाळा सुटल्यावर नात आजीकडे यायला लागली. गुणी पोर. हात धुऊन यायची आणि विचारायची, “आता काय करू?” खाणं झालं की, “आता उठू?” बाईंनी वर्गातल्यासारखे पाण्याचे दोन जग आणून तिच्यापुढे ठेवले. तिनं विचारलं, “किती वेळा ओतू?”

बाईंनी सगळे उपाय करून पाहिले. मणी दिले, माती दिली, नुसतं गप्प बसून पाहिलं. पोर त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. आयुष्यभराची विद्या घरात पुन्हा एकदा कुचकामी ठरली, असं वाटून बाईंना जेवणसुद्धा गोड लागेना.

एक दिवस वर्गात फारच वाईट गेला. एकानं दुसऱ्याला चावा घेतला, त्याची आई भांडायला आली. घरी येऊन बाई आरामखुर्चीत पडल्या.

“आजी, आता काय करू?”

“मला नाही माहीत गं. मी दमलेय,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. यात कसलीच पद्धत नव्हती. त्या खरोखरच दमल्या होत्या.

भांड्यांच्या आवाजानं त्यांना जाग आली. स्वयंपाकघरातलं खालचं कपाट सताड उघडं होतं. नात जमिनीवर बसून पातेल्यांना झाकणं लावून बघत होती. एक झाकण मोठ्या पातेल्यात पडलं. तिनं ते काढलं, पालथं करून पाहिलं, दुसरं घेतलं. एक घरंगळत दारापर्यंत गेलं, ती रांगत त्याच्यामागे गेली. उठून आवरावं असं बाईंच्या मनात आलं, पण अंगात त्राण नव्हतं. त्या पडून राहिल्या.

मुलगी तिला न्यायला आली. एरवी तिचा आवाज ऐकून पोर दाराकडे धावायची. आज तिनं मानही वर केली नाही. मुलगी “अगं, हा काय पसारा—” म्हणत पुढे झाली, पण ते वाक्य तिनं अर्ध्यावरच सोडलं. पर्स खाली ठेवून ती भिंतीला टेकून बसली.

“किती वेळ चाललंय?” ती हळूच म्हणाली.

“काय माहीत. मी झोपले होते.”

“आवरलं नाहीस?”

“उठवेना.”

मुलगी हसली, थकलेलं हसू. “मी लहान होते तेव्हा असं का नाही गं झालं तुला?”

“तेव्हा दमले की भीती वाटायची, काम आणखी वाढेल म्हणून.” बाई खुर्चीत जरा उठून बसल्या. “तुझ्या बाबतीत माझं चुकलं.”

मुलगी लेकीचे हात बघत राहिली. दिवसभर उभं राहून सुजलेली पावलं तिनं चपलांतून बाहेर काढली.

नातीची शाळा बदलली नाही. तिला गृहपाठ असतो आणि ती तो बिनबोभाट करते. मुलगी मात्र आता न्यायला आली की लगेच निघत नाही. कधी कधी भिंतीला टेकून पेंगतेसुद्धा.

वर्षअखेरीस बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या वर्गातले कप्पे जाऊन बाकं येणार, हे त्यांना आधीच कळलं होतं. निरोपाच्या कार्यक्रमात मुख्याध्यापकांचं भाषण लांबत चाललं, तेव्हा बाईंनी शेजारच्या शिक्षिकेच्या कानात सांगितलं, “मला जरा लवकर निघायचंय. नात यायची वेळ झालीय,” आणि सत्काराची शाल खुर्चीच्या पाठीवर तशीच ठेवून त्या मागच्या दारानं बाहेर पडल्या.