रोझालियाच्या नावाची माळ

24 जून 1998. सकाळी नऊ वाजता रोझालिया बेन्केच्या पत्र्याच्या डब्यात 86,500 लेई होते आणि टेबलावर पिवळ्या रानफुलांचा एकही गुच्छ उरला नव्हता. संत योहानाच्या सणाला रुमेनियात तिर्नाव्हा नदीकाठच्या त्या बाजारात दरवर्षी असेच होई. एकच गुच्छ उधारीवर गेला होता. शेजारी चीज विकणाऱ्या वेतुरियाने तो पहाटे नेला होता.

वेतुरिया रुमेनियन, रोझालिया हंगेरियन. गिऱ्हाईक ज्या भाषेत मागेल त्या भाषेत रोझालिया औषधी पाला देई. एकाच केशरी फुलाला रुमेनियन बायका 'पिवळुल्या' म्हणत, हंगेरियन 'नखफूल', आणि जर्मन बोलणारे शेजारचे मिशकाका 'कडीफूल', कारण त्याचे बी कडीसारखे वळलेले. रोझालियाचे म्हणणे असे, की नाव ठेवणाऱ्याने झाड एक तर पाहिलेले असते, नाहीतर वापरलेले. वापरणाऱ्याच्या नावावर तिचा भरवसा अधिक.

दुपारी वेतुरियाच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. चीजसाठी दूध थिजवायच्या औषधाची बाटली फरशीवर फुटली होती. दुकान सणामुळे बंद. घमेल्यात बारा लिटर दूध कोमट करून ठेवलेले, आणि उद्याच्या बारशाचे चीज त्यातूनच व्हायचे होते. वेतुरियाला मिळालेली ती पहिलीच मोठी ऑर्डर होती.

"गेलं सगळं!" वेतुरिया पायरीवर बसली. "संध्याकाळपर्यंत आंबेल ते."

"अगं, औषध तुझ्या छपरावर आहे," रोझालिया म्हणाली.

छपरावर त्याच गुच्छातल्या पिवळ्या फुलांच्या, पहाटे फेकलेल्या सहा माळा होत्या, घरातल्या पाच माणसांच्या नावाच्या पाच आणि शेजारधर्म म्हणून रोझालियाच्या नावाची एक. ज्याची माळ छपरावर टिकते त्याचे आयुष्य टिकते, अशी रुमेनियन समजूत. हाताने माळ कोणी काढत नाही.

"ही पऱ्यांची फुलं, रोझीताई! नावच आहे तसं."

"तुमच्यात. आमच्यात त्यांचं नाव 'दूध थिजवणारी'. आई डोंगरावर मेंढ्यांच्या दुधात घालायची."

"आमच्यातही तेच," कुंपणावरून मिशकाका म्हणाले. "दोन भाषांनी ठरवून खोटं बोलायला त्या काय नवरा-बायको आहेत?"

"काका, तुम्ही शिडी आणा. जीभ राहू द्या घरी," रोझालिया म्हणाली आणि वेतुरियाकडे वळली. "तुमच्या माळांतली एकही नको. माझी काढते."

वेतुरियाने तिचा पदर धरावा तसा एप्रन धरला. "वेडी आहेस? तुझं आयुष्य आहे ते!"

"माझं आहे म्हणूनच मी खर्च करते. आमच्या चर्चमध्ये त्याची मोजदाद नाही. तुझ्या पऱ्या रागावल्या तर त्यांना सांग, एकसष्ट वर्षं वापरून झालंय."

शिडी लागली. पाचव्या पायरीवर मात्र रोझालिया क्षणभर थांबली. मिशकाकांनी शिडी आणखी घट्ट धरली. मग तिने हात लांबवून माळ काढली, खाली येऊन फुले कुस्करली, फडक्यात बांधून दुधात सोडली आणि घमेले उन्हात ठेवले. तिघे बाकावर बसली. तासाभरात काहीच घडले नाही. वेतुरिया छपराकडे बघून क्रॉसची खूण करीत होती.

चार वाजता चमचा घातला तर दूध थिजून कडेने सुटू लागले होते. फुलांनी झाले की उन्हाने, हे सांगणे कठीण. रोझालियाने मात्र श्रेय फुलांनाच दिले, आणि तिच्याशी वाद घालायला कोणी धजले नाही. चीज मऊ झाले, पिवळसर, किंचित कडू. बारशाला ते सगळे संपले. यजमानांनी पुढच्या महिन्यासाठीही सांगून ठेवले.

पुढच्या वर्षी वेतुरियाने रोझालियाच्या नावाच्या दोन माळा छपरावर टाकल्या. दोन्ही टिकल्या. रोझालिया आज नव्वदीच्या घरात आहे आणि टेबल त्याच जागी लावते.

त्या पहाटेच्या गुच्छाचे पंधराशे लेई वेतुरियाकडून अजून येणे आहेत.